भिंगारचं संसारपूर का झालं नाही?

पहाटे साडेपाचला नगर शहराबाहेरच्या एखाद्या सपाट रस्त्यावर उभं राहावं. उजाडायच्या आधीच पावलांचे आवाज येऊ लागतात. पाच-सहा पोरं रांगेनं पळत येतात, एकाच्या हातात वेळ लावलेला मोबाइल. सोळाशे मीटर, शंभर मीटर, गोळाफेक. पोलीस भरतीची मैदानी चाचणी त्यांना पाढ्यासारखी पाठ असते. काहींचा डोळा फौजेवर असतो. पाय चपळ, दम दांडगा, शेतात राबून अंग घोटीव झालेलं. कुठल्याही खेळाच्या प्रशिक्षकानं आनंदानं उचलावीत अशी ही पोरं. पण हॉकीची स्टिक त्यांतल्या कुणाच्या हाती सहसा दिसत नाही.

यात नवल ते काय, असं कुणी म्हणेल. नवल असं, की नगर हे छावणीचं शहर आहे. ऑगस्ट १८०३मध्ये इंग्रजांच्या आर्थर वेलस्लीनं इथला भुईकोट किल्ला घेतला आणि पुढं शहरालगतच्या भिंगारला खेटून लष्कराचा तळ पडला, तो आजतागायत हललेला नाही. १९४८पासून रणगाडा दलाचं प्रशिक्षण केंद्र इथं आहे. १९७९ साली उभ्या राहिलेल्या मेकॅनाइज्ड इन्फन्ट्री रेजिमेंटचं केंद्रही इथलंच. आणि आपल्या देशात हॉकी आली ती लष्कराच्या छावण्यांमधून.

पंजाबात जालंधरच्या छावणीला लागून संसारपूर नावाचं एक खेडं आहे. गोऱ्या सैनिकांचा खेळ गावच्या पोरांनी बांधावरून पाहिला, झाडाच्या वाकड्या फांद्या तोडून स्टिक केल्या आणि खेळायला सुरुवात केली. या एका गावानं चौदा ऑलिंपिक खेळाडू दिले. १९६८च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये संसारपूरचे पाच जण भारताकडून खेळले आणि दोघे केनियाकडून. जालंधरच्या छावणीला संसारपूर लाभलं, तसं नगरच्या छावणीला भिंगार होतं. तरी भिंगारचं संसारपूर झालं नाही. माती, हवा किंवा अंगकाठीत याचं उत्तर शोधू नये. ते एका शब्दात आहे आणि पहाटे पळणारी ही पोरं तो शब्द दिवसातून दहादा उच्चारतात: भरती.

पहिलं दार मिटलं

कलकत्त्यात पहिले हॉकी क्लब निघाले ते १८८५-८६च्या सुमारास. १८९५मध्ये तिथं बेटन कप सुरू झाला, १८९६मध्ये मुंबईत आगाखान कप. पलटणींनी हा खेळ बदलीच्या गावोगावी नेला. पोलोसारखे घोडे लागत नाहीत, खर्च बेताचा, मैदान कवायतीचं आयतं.

नेमक्या याच काळात मुंबई इलाख्याच्या फौजेचा कणा मोडत होता. लॉर्ड रॉबर्ट्स १८८५ ते १८९३ या काळात हिंदुस्थानचे सरसेनापती होते. दख्खनी आणि मद्रासी शिपाई आता लढाऊ राहिला नाही, खरा शिपाई उत्तरेकडचा, असं त्यांचं ठाम मत. ‘लढाऊ जमाती’च्या या सिद्धांतानं भरतीचा ओघ पंजाबकडे वळवला. १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला महारांची भरती बंद झाली. ज्या समाजाची माणसं मुंबई इलाख्याच्या पलटणींत पिढ्यान् पिढ्या होती, त्यांना एका हुकमानं दार मिटलं. मराठ्यांची भरती चालू राहिली, पण फौजेचा तोल उत्तरेकडे गेला तो गेलाच. १८९५मध्ये तर मुंबई इलाख्याची स्वतंत्र फौजच इतिहासजमा झाली. कलकत्त्यात बेटन कप सुरू झाला तेच हे वर्ष.

या अन्यायाविरुद्ध गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली अर्ज तयार केला. १९१०मध्ये शिवराम जानबा कांबळ्यांनी थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली, तेव्हा १९१७मध्ये १११ महार ही पलटण उभी राहिली आणि लढाई संपल्यावर १९२१मध्ये मोडलीही. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ उजाडलं.

याचा हॉकीशी काय संबंध? माझ्या मते मुळातला संबंध आहे. छावणीचं मैदान सगळीकडेच होतं. त्या मैदानावर कोण उतरतो, हे भरतीनं ठरवलं. १९२२मध्ये सोळा वर्षांचा एक मुलगा फौजेत शिपाई म्हणून दाखल झाला. तोवर त्यानं मन लावून स्टिक हाती घेतलेली नव्हती. पलटणीत सुभेदार-मेजर बाळे तिवारींनी त्याला खेळ शिकवला. तो मुलगा म्हणजे ध्यानचंद. फौजेत शिरायला मिळालं म्हणून ध्यानचंद घडला. दार मिटलं त्या गावांत असे किती जण घडायचे राहून गेले, हे कोण सांगणार? संसारपूरच्या पोराला छावणीत आपला काका, आपला चुलतभाऊ दिसत होता. भिंगारच्या कुंपणाबाहेरच्या पोराला तसा आपला माणूस दिसण्याची शक्यता दर वर्षी घटत गेली. परक्यांचा खेळ पाहता येतो. आपला माणूस खेळत असला तरच तो शिकावासा वाटतो.

मुंबईची भरती

महाराष्ट्रात हॉकी फुलली ती दुसऱ्याच भरतीवर. रेल्वे, गोदी, कस्टम आणि पुढं मोठमोठ्या कंपन्या हे मुंबईतले मालक. खेळणारे बहुतेक अँग्लो-इंडियन, गोव्याचे आणि वांद्रे-माझगावचे ख्रिस्ती, काही पारशी आणि मुसलमान. मिशनच्या शाळेत स्टिक हातात यायची, पॅरिशच्या मैदानावर हात बसायचा आणि हात बसला की रेल्वेचा किंवा कस्टमचा साहेब नोकरी द्यायचा. लुझिटानियन्ससारखे गोमंतकीयांचे क्लब नावाजले ते याच काळात.

या मुंबईची ताकद केवढी होती, हे १९२८च्या मार्चमध्ये दिसलं. ॲमस्टरडॅम ऑलिंपिकला निघालेला भारतीय संघ बोटीत बसण्यापूर्वी मुंबईच्या संघाशी एक सामना खेळला आणि २-३ असा हरला. दुसऱ्या दिवशी धक्क्यावर निरोप द्यायला अवघे तीन जण आले होते. हाच संघ ऑलिंपिकमध्ये एकही गोल न खाता सुवर्णपदक घेऊन परतला, तेव्हा मुंबईच्या धक्क्यावर माणसं मावत नव्हती. जगज्जेत्यांना हरवणारी ती मुंबई कारकुनांची, तिकीट तपासनिसांची आणि गोदीतल्या नोकरदारांची होती.

फाळणीनं भारताची हॉकी चिरली. पंजाबचे कितीतरी खेळाडू पाकिस्तानात गेले. १९४८च्या लंडन ऑलिंपिकसाठी संघ जुळवताना ती पोकळी भरायला मुंबई पुढं आली. गोलरक्षक लिओ पिंटो, वॉल्टर डिसोझा, लॉरी फर्नांडिस, मॅक्सी वाझ ही सगळी मुंबईची मंडळी. १२ ऑगस्ट १९४८ रोजी वेम्ब्लीवर भारतानं ग्रेट ब्रिटनला ४-० असं हरवलं. स्वातंत्र्याचा पहिला वाढदिवस तीन दिवसांवर होता.

पण त्याच सुमारास दुसरी गळती सुरू झाली. अँग्लो-इंडियन कुटुंबं सामान बांधू लागली. कुणी इंग्लंडला गेलं, कुणी ऑस्ट्रेलियाला. जबलपुरात जन्मलेले पिअर्स कुटुंबातले पाच भाऊ पर्थला गेले आणि पाचही जण ऑस्ट्रेलियाकडून ऑलिंपिक हॉकी खेळले. आपल्या रेल्वे वसाहतींत तयार झालेला खेळ बोटीनं पलीकडे गेला आणि पुढं आपल्याच विरुद्ध मैदानात उतरला.

इथं पंजाब आणि मुंबई यांच्यातला फरक कळतो. पंजाबचंही नुकसान झालं होतं, पण तिथं गावं होती. माणसं गेली, तरी गावातून दुसरी उभी राहिली. मुंबईची हॉकी दोन-तीन समाजांच्या आणि मोजक्या वसाहतींच्या खांद्यावर होती. घाटावरच्या मराठी गावांत ती उतरलीच नव्हती.

खडकीचा मुलगा

तरीही मुंबई आणखी तीन-चार दशकं टिकली, कारण नोकऱ्या टिकल्या. टाटा, महिंद्र, एअर इंडिया, इंडियन एअरलाइन्स, पश्चिम रेल्वे, चेंबूरची खत कंपनी आरसीएफ यांचे संघ होते. वांद्र्याच्या सेंट स्टॅनिस्लॉस शाळेतून मर्विन फर्नांडिससारखे खेळाडू निघाले. १९८०च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये स्पेनला ४-३ असं हरवून सुवर्ण जिंकणाऱ्या संघात मर्विन होता. नोकरीची साखळी नेमकी कशी चालते, हे पाहायचं तर खडकीला जावं लागेल.

खडकीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीत मैदानाची देखभाल करणाऱ्या नागलिंगम पिल्ले यांच्या घरी १६ जुलै १९६८ रोजी धनराजचा जन्म झाला. मोडक्या स्टिक दोरीनं बांधायच्या आणि टाकून दिलेल्या चेंडूनं खेळायचं, असं बालपण. थोरला भाऊ रमेश मुंबईत आरसीएफकडून खेळत होता. त्याच्यामागोमाग धनराज मुंबईला आला. महिंद्रच्या संघात जोकिम कार्व्हालोसारखा प्रशिक्षक भेटला, पुढं इंडियन एअरलाइन्सची नोकरी लागली. चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, ३३९ आंतरराष्ट्रीय सामने. १९९८मध्ये बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत त्याच्या नेतृत्वाखाली भारतानं बत्तीस वर्षांनी सुवर्ण जिंकलं.

धनराजची गोष्ट आपण प्रतिभेची म्हणून सांगतो, आणि ती तशी आहेच. पण तिच्यातल्या पायऱ्या मोजून पाहा. वडिलांची फॅक्टरीतली नोकरी, म्हणून मैदान. भावाची आरसीएफमधली नोकरी, म्हणून मुंबई. मग महिंद्र आणि मग विमान कंपनी. एका पायरीच्या जागी रिकामी हवा असती, तर वसाहतीतलं एक पोर चांगलं खेळायचं, एवढीच आठवण खडकीत उरली असती.

ओहोटी

पहिला घाव १९७६चा. माँट्रियलला ऑलिंपिक हॉकी पहिल्यांदा कृत्रिम गवतावर झाली आणि आदल्याच वर्षी विश्वचषक जिंकलेला भारत सातवा आला. त्यानंतर गवताच्या आणि मातीच्या मैदानावर शिकलेलं पोर वरच्या पातळीवर परकं ठरू लागलं. शाळेला, कॉलेजला कृत्रिम मैदान परवडणं शक्य नव्हतं. पुण्यात १९९४च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बालेवाडीचं संकुल उभं राहिलं, पिंपरीत नेहरूनगरला हॉकीचं स्टेडियम झालं. पण नगरच्या किंवा नांदेडच्या मुलाला ते गाव लांबचंच होतं.

दुसरा घाव सात महिन्यांच्या अंतरानं घडलेल्या दोन सामन्यांचा. १ डिसेंबर १९८२ रोजी दिल्लीत आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पाकिस्ताननं भारताला ७-१ असं लोळवलं, आणि २५ जून १९८३ रोजी लॉर्ड्सवर कपिल देवच्या हातात क्रिकेटचा विश्वचषक आला. घराघरातल्या बापानं पोराच्या हातात काय द्यायचं, हे तेव्हाच ठरून गेलं. त्याच दिल्लीत महिला हॉकीचं सुवर्ण भारतानं जिंकलं होतं आणि कर्णधार होती पुण्याची एलिझा नेल्सन. ते कुणाच्या फारसं लक्षातच राहिलं नाही.

नगर जिल्ह्यानंही क्रिकेटचीच वाट धरली. श्रीरामपूरचा झहीर खान मुंबईला गेला, चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये शिकला, बडोद्याकडून रणजी खेळला. संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दला जन्मलेला अजिंक्य रहाणे मुंबईत वाढला आणि भारताचं नेतृत्व करून आला. नगरच्या पोरात कस नव्हता, असं म्हणायची सोय या दोघांनी ठेवली नाही. क्रिकेटला गावापासून वरपर्यंत शिडी होती, हॉकीची शिडी मधूनच तुटलेली.

तिसरा घाव सगळ्यांत हळू आणि सगळ्यांत खोल. नोकऱ्या आटल्या. उदारीकरणानंतर कंपन्यांनी खर्चाची वही उघडली. सार्वजनिक उपक्रमांतली कायमची भरती रोडावली आणि खेळाडूंना कायम नोकरीऐवजी कराराचं मानधन मिळू लागलं. जानेवारी २०२२मध्ये एअर इंडिया टाटांकडे गेली आणि विमान कंपनीतली सरकारी नोकरी ही वाटच नकाशावरून पुसली गेली. राज्य सरकारनं २००५पासून सरकारी भरतीत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखल्या, हे चांगलंच झालं. पण त्या सगळ्या खेळांसाठी, आणि त्यांच्याभोवती बोगस प्रमाणपत्रांचा धंदा उभा राहिला. कोट्यातून नोकरी लागली की बहुतेकांचा खेळ संपतो. जुन्या रेल्वे-कस्टममध्ये नोकरी लागल्यावर खरा खेळ सुरू व्हायचा.

तीन वर्षांचं गणित

भरतीतल्या गडबडीचा फटका लगेच कळत नाही, म्हणून तिचा धोका मोठा. कॉलेजच्या संघाचं उदाहरण घ्या. पदवीच्या मुलाचं मैदानावरचं आयुष्य तीन वर्षांचं. दर जूनमध्ये तिसऱ्या वर्षाची चार-पाच मुलं जातात आणि पहिल्या वर्षाला तेवढीच यावी लागतात. एखाद्या वर्षी आली नाहीत, तरी संघ जिंकतो. कारण जुने असतात. दुसऱ्या वर्षीही जिंकतो. प्राचार्य खूश, क्रीडा संचालक खूश. तिसऱ्या वर्षी सराव करायला अकरा जण जमत नाहीत. मग मैदानावर पार्किंग होतं आणि दोष प्रशिक्षकाच्या माथी बसतो.

मुंबई-महाराष्ट्राचं तेच झालं, फक्त घड्याळ मोठं होतं. १९९०च्या दशकात नोकऱ्या आटू लागल्या, तरी तेव्हा धनराज खेळत होता, म्हणून सगळं आलबेल वाटलं. त्यामागून वांद्र्याचा व्हिरेन रास्किन्हा, खडकीचा विक्रम पिल्ले आले आणि अजून विहिरीत पाणी आहे असं भासलं. २०१६च्या रिओ ऑलिंपिकला मुंबईचा देविंदर वाल्मीकी गेला. त्यानंतर टोकिओ आणि पॅरिस या दोन्ही ऑलिंपिकमध्ये भारतीय पुरुष संघानं कांस्यपदक जिंकलं; त्या दोन्ही संघांत महाराष्ट्राचा एकही खेळाडू नव्हता. जी मुंबई १९२८मध्ये ऑलिंपिक संघाला हरवत होती, तिच्या राज्याला त्या संघात एक जागाही मिळू नये, याला ओहोटीच म्हणायचं.

उलटं घड्याळही असतं. ओडिशानं १९८५मध्ये राउरकेलाजवळ पानपोश इथं क्रीडा वसतिगृह सुरू केलं. सुंदरगड जिल्ह्यातल्या आदिवासी वाड्यांमधली पोरं निवडायची, राहायला-जेवायला द्यायचं, शाळा शिकवायची, स्टिक द्यायची. पहिलं फळ यायला दहा वर्षं लागली. दिलीप तिर्की तिथून आला आणि भारताचा कर्णधार झाला. टोकिओच्या पदकविजेत्या संघात सुंदरगडचे दोघे होते. त्यांच्यातला अमित रोहिदास पानपोशचाच. राज्यानं राष्ट्रीय संघाचं प्रायोजकत्व घेतलं ते २०१८मध्ये. लोक तो पैसा पाहतात. त्याआधीची तेहतीस वर्षं कुणी मोजत नाही.

आपल्याकडेही एक कोंब फुटला आहे, आणि तो घाटावरच्याच मुलखात. सातारा जिल्ह्यातल्या फलटण भागातून वैष्णवी फाळके, अक्षता ढेकळे, ऋतुजा पिसाळ या मुली भारताच्या संघांपर्यंत पोहोचल्या. वैष्णवी २०२३मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत कांस्यपदक जिंकणाऱ्या संघात होती. शेतकरी घरातल्या या मुली. गावच्या शाळेच्या मैदानावर सुरुवात, मग राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीचं वसतिगृह, मग पुढचं सगळं. वांद्रे-खडकीच्या वसाहतींबाहेर, घाटावरच्या मराठी गावात हॉकी रुजते का, या शंभर वर्षांच्या प्रश्नाचं उत्तर या मुलींनी देऊन टाकलं.

आता नगरकडे

नगर जिल्ह्याला अहिल्यानगर हे नवं नाव मिळालं, पण पहाटेचं दृश्य तेच आहे. पळणारी पोरं आहेत, छावणी आहे. १९४७मध्ये भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी स्थापलेलं अहमदनगर कॉलेज आहे. आणि एक गोष्ट इथं अशी आहे, जी ना संसारपूरकडे होती ना सुंदरगडकडे. १९५०च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी लोणीला सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हापासून या जिल्ह्यात कारखाने, बँका, दूध संघ आणि शिक्षण संस्थांचं जाळं विणलं गेलं. दर वर्षी या संस्था माणसं भरतात: कारकून, शिपाई, सुरक्षारक्षक, शिक्षक.

मुंबईची हॉकी रेल्वे आणि कस्टमच्या कारकुनांनी मोठी केली. नगरचे कारखाने तेच करू शकतात. दहा संस्थांनी दर वर्षी प्रत्येकी दोन जागा हॉकी खेळणाऱ्यांसाठी ठेवाव्यात. नोकरी कायमची असावी, आणि दुपारनंतर मैदानावर जायची मुभा लेखी असावी. वर्षाला वीस जण, दहा वर्षांत दोनशे. करंडक, सत्कार, फ्लेक्स यांच्या खर्चापुढं हा खर्च जड नाही. अट एकच: अध्यक्ष बदलला, निवडणूक आली, म्हणून मधलं एकही वर्ष गाळायचं नाही. गाळलेलं वर्ष आज दिसत नाही. ते दहा वर्षांनी मैदानावर दिसतं, अकरापैकी रिकाम्या राहिलेल्या एका जागेच्या रूपानं.